उजव्या बाजूच्या रेघा

मी गाडीखाली जात नाही. दोन वर्षं झाली. बॉनेट उघडून दुपारपर्यंत वाकून उभी राहीन, सुटा भाग टेबलावर आणून टाका, असा सांधा देईन की तोडून दाखवा. पण "ताई, जरा खालून बघा ना" म्हटलं की मी सरळ सांगते, समोर पत्रेवाल्याकडे जा, त्याच्याकडे खड्डा आहे. लोक समजून घेतात. भाऊ गाडीखाली गेला, बिचारीनं धसका घेतला, म्हणतात. पत्रेवाला तर माझ्यासमोर आवाजसुद्धा हळू करतो. एवढी दया मला आयुष्यात कुणी दाखवली नव्हती. अंगावर काटा येतो त्या दयेनं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं चाललंय, आणि लोक समजतात मी दुःखात आहे. दुःखात आहेच. पण तेवढंच नाही.

आमच्या गॅरेजात वडिलांपासून एक रीत आहे. ज्यानं बोल्ट आवळला त्यानं त्यावर रेघ मारायची नाही. एकानं आवळायचा, दुसऱ्यानं पाना लावून जोर द्यायचा, आणि जराही हलला नाही तरच नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. पुढे कधी नट सैल झाला तर रेघ मधोमध तुटलेली दिसते. "स्वतःच्या कामाला स्वतः शाबासकी देऊ नये," वडील म्हणायचे. ते गेल्यावर मी आवळायची तेव्हा दादा तपासायचा, तो आवळायचा तेव्हा मी. आमची रेघ सगळ्या रस्त्याला माहीत होती. दुसरे गॅरेजवाले रेघ दिसली की त्या बोल्टाला हातसुद्धा लावायचे नाहीत.

दादाची आणखी एक सवय होती. गाडीखाली शिरायच्या आधी तो पान्यानं चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, तीनदा ठोकायचा. टक, टक, टक. मी येतोय, सांभाळ, असं गाडीला कळवायचं म्हणे. "काय म्हणाली मग? या, बसा?" मी विचारायची. "म्हणाली, धांदलबाईला नका पाठवू," तो खालून ओरडायचा. धांदलबाई म्हणजे मी.

तो आवाज मला अजून येतो. भुताच्या गोष्टीत येतो तसा अंधारात नाही. भर दुपारी येतो. जेवायला बसताना कॉम्प्रेसर बंद केला, डब्याचं झाकण काढलं, की कोपऱ्यातून, जिथे त्या दिवशी पिकअप उभी होती तिथून, टक, टक, टक. त्या जागेवर मी काही ठेवत नाही, कुणाला गाडीही लावू देत नाही. आधी उंदीर म्हटलं. मग पत्रा तापत असेल म्हटलं. मग काही म्हणायचंच सोडलं. घास हातात धरून नुसती "ऐकलं रे" म्हणते आणि जेवते. किंवा जेवत नाही.

मग एक दिवस असाच डबा उघडला आणि आवाज आला, पण कोपऱ्यातून नाही. दारातून आला. मान वर केली तर आमची पिकअप गॅरेजच्या तोंडाशी उभी, आणि स्टिअरिंगमागे दादाची मुलगी, दात काढून हसतेय.

या पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण तिच्या पायाला भिंगरी आहे. आता चोवीस वर्षांची झाली, जमिनीची मोजणी करते, डोंगरात, खाणीत, जिथे रस्ता संपतो तिथे तिचं काम सुरू होतं. दोन वर्षं पिकअप घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. ती कधी बाहेर काढायची नाही असं कुणी बोललं नव्हतं, पण मी धरून चालले होते. 

"आत्या! ओळखलीस का हिला?" ती उडी मारून उतरली. दुसऱ्या दारातून वहिनी उतरली, हळू, हातात पिशवी.

"कुणी चालू केली ही?" मी विचारलं. 

"महिना झाला. तुला त्रास नको म्हणून पुलापलीकडच्या गॅरेजात दिली. बॅटरी, टायर, ऑइल, सगळं नवं. त्या काकांनी खालूनही बघितली. म्हणाले, बारच्या बोल्टांना तुमच्या रेघा आहेत, म्हणजे बघायला नको."

रेघा आहेत, म्हणजे बघायला नको. 

बार म्हणजे काय ते सांगते. खडकाळ रस्त्यावर दगड लागून दारांखालचा पत्रा चेपू नये म्हणून पिकअपच्या दोन्ही बाजूंना जाड पाइप बसवतात. बाजारात त्याला स्लायडर म्हणतात, आम्ही नुसतं बार म्हणायचो. हे बार मी स्वतः बनवले होते. एका बाराला तीन पाय, प्रत्येक पायाला दोन बोल्ट, आणि ते बोल्ट थेट चॅसीला. चॅसीला वेल्डिंगची आच लावायची नाही, हा वडिलांचा दुसरा नियम, म्हणून सगळी मदार बोल्टांवर. बोल्ट नीट आवळले असतील तर त्या बाराखाली जॅक लावून अख्खी पिकअप उचलता येते. खाली सरपटून जागा शोधायला नको, चिखलात झोपायला नको. मी त्यासाठीच बनवले होते. फुशारकी मारली होती दादापुढे, की बघ, आता तुझी पाठ वाचेल.

त्या संध्याकाळी डावा बार मी आवळला आणि दादानं तपासला. सहापैकी एक बोल्ट अर्धा फेरा फिरला. अर्धाच! पण दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर हसला. "आमच्या धांदलबाईचा हात. बोल्टाला नुसतं ओवाळते." गिऱ्हाइकं हसली. माझं टाळकं सटकलं. वीस वर्षं एकत्र काम करतोय, एकदा तरी माझ्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवशील का रे, असं बरंच काही बोलले. तो गेला घरी. मी उजवा बार लावला. बार आधी सगळे बोल्ट हातानं फिरवून टांगायचा असतो, सरळ बसला की मग आवळायचा. मी टांगला. सरळही बसवला. पण हात दुखत होते आणि डोकं तापलेलं. म्हटलं, सकाळी येऊन आवळीन. आणि मग, कुठून बुद्धी सुचली देव जाणे, रंगाची बाटली उघडली आणि सहाच्या सहा न आवळलेल्या बोल्टांवर स्वतः रेघा मारल्या. का? तर सकाळी त्यानं पाना घेऊन खाली शिरू नये म्हणून. त्याला दिसावं, झालंय काम, तुझ्यावाचून झालंय. एवढंच. रागाच्या भरात मारलेल्या सहा रेघा.

सकाळी मी आठला जाणार होते. नऊला गेले. तो आठला आला होता. सायलेन्सरची पट्टी खडखडत होती, ती बघायला त्यानं उजव्या बाराखाली जॅक लावला, टेकूची लोखंडी घोडीही चॅसीखाली न लावता बाराखालीच लावली, आणि खाली शिरला. तीनदा ठोकलं असणारच. नंतर दहा-बारा माणसांनी त्याच बाराला धरून पिकअप उचलली, त्यामुळे खाली घसरलेला बार परत जागेवर बसला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. जॅक आडवा पडला होता, तेल गळत होतं. सगळे म्हणाले, जॅकनं दगा दिला. पत्रेवाल्यानं तो जॅक उचलून भंगारात फेकला, शिवी देऊन. मी खाली धुळीत बघितलं तर एक नट पडला होता. नटावर पिवळ्या रेघेचा तुकडा. मी तो उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

तिथेच होता तो. झाकली मूठ. दोन वर्षं एप्रन धुताना काढायची आणि परत टाकायची.

"आत्या, ऐकतेस का?" भिंगरी बोलत होती. "बाबांच्या गाडीचे हे बार एकदम झक्कास आहेत. गेल्या आठवड्यात खाणीच्या रस्त्याला दोनदा पंक्चर झाली. बाराखाली उंच जॅक लावला, पाच मिनिटांत चाक बदललं. बरोबरचे लोक बघत राहिले."

"कुठल्या बाजूचं चाक?"

"डावंच, दोन्ही वेळेला. पण काल उजव्या बाजूनं उचलून बघितली, सायलेन्सर खडखडतोय म्हणून. तर गंमत झाली." ती डोळे मोठे करून म्हणाली, "वर उचलताना आवाज येतो. तीनदा. टक, टक, टक. बाबा ठोकायचे ना, अगदी तसा. आईला तर रडूच आलं. म्हणाली, तुझे बाबा आहेत गाडीत, तुला सांभाळतायत."

तीन पाय. वजन आलं की एकेक पाय आपल्या सैल बोल्टावर खाली बसत होता. मला कळत होतं. आणि तरी अंगावरचे केस उभे राहिले, कारण तोच आवाज मी दोन वर्षं ऐकत होते, गाडी इथे नसताना.

"चावी दे," मी म्हटलं. "गाडी राहू दे इथे. उद्या ने."

"उद्या कशी? चारला निघायचंय, सहा तासांचा रस्ता आहे. सायलेन्सरची पट्टी तेवढी बघ."

"राहू दे म्हटलं ना! मोठी शहाणी झालीस, जिथे तिथे जॅक लावत फिरतेस! त्या बाराला हात लावायचा नाही, समजलं? काय समजलीस?"

"अगं, ओरडतेस काय? बार तूच बनवलास ना?"

वहिनीनं मध्ये पडून मला दंडाला धरलं आणि आतल्या खोलीत नेलं. खोली म्हणजे काय, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पान्यांची फळी आणि दादाचा जुना शर्ट, खिळ्याला. बाहेर पोर गाडी आत घेत होती, आणि मी मनात हिशेब जुळवत होते. पोरीला चहाला पाठवायचं, तेवढ्या वेळात बोल्ट आवळायचे, नट घालायचा, संपलं. कुणाला कळायला नको. फक्त त्यासाठी मला गाडीखाली जावं लागणार होतं.

"तुला त्या बाराचा त्रास होतो, मला कळतं," वहिनी म्हणाली. "म्हणून तुला एक सांगायचं कधीपासून मनात आहे. त्या सकाळी तो निघाला तेव्हा म्हणाला, आधी उजवा बार तपासतो, मग सायलेन्सर. मी म्हटलं, नको तपासूस. काल ती किती दुखावली असेल. एक दिवस तिच्यावर विश्वास टाकलास तर काय बिघडणार आहे? तर हसला. म्हणाला, बरं, आज नाही हात लावत तिच्या बोल्टांना. उलट तिच्याच बारावर जॅक लावतो, ती आली की खूश होईल." वहिनीनं माझा हात दाबला. "जॅक फुटला ते नशीब. पण तुझ्यावर विश्वास ठेवून गेला तो. मी सांगितलं म्हणून का होईना. तुला तेवढं माहीत असावं."

 ती हे मला प्रसाद दिल्यासारखं देत होती. दोन वर्षं जपून ठेवलेली तिच्याजवळची ही एकच गोड गोष्ट होती, की आपण त्या शेवटच्या सकाळी भावा-बहिणीचं जुळवून दिलं.

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. बोललीस तर हिची ती सकाळ नासेल. आयुष्यभर हिला वाटत राहील, मी त्याला अडवलं नसतं तर. मग कशाला बोलायचं? गप्प बसणं हेच चांगुलपणाचं झालं की! खरं सांगते, मला क्षणभर इतकं हलकं वाटलं. पाप झाकायला पुण्याचं पांघरूण आयतं मिळालं होतं.

आणि बाहेरून आवाज आला. टक.

वहिनी हसली. "बघ, आला."

टक.

मी ओळखत होते तो आवाज. रोजचा. पण त्याच्या मागून जॅकच्या दांड्याची करकर ऐकू येत होती, आणि ती रोजची नव्हती.

टक.

मी खुर्ची उलटवून पळाले. भिंगरीनं उजव्या बाराखाली जॅक लावून गाडी उचलली होती, त्याच कोपऱ्यात, त्याच जागेवर, आणि पालथी पडून कमरेपर्यंत खाली शिरली होती. नुसते पाय बाहेर. अगदी तसेच पाय.

"थांब, मला दिसतंय कुठून येतो ते—" ती आतून म्हणत होती.

मी तिचे घोटे धरले आणि फरपटत बाहेर ओढलं. हनुवटी खरचटली तिची. ती ओरडली, मी त्याहून मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. पत्रेवाला रस्ता ओलांडून धावत आला. त्याला म्हटलं, तू जा, घरातलं आहे. तो गेला. मग मी जॅक उतरवला. दांडा हातातून दोनदा सुटला.

"आत्या, वेड लागलंय का तुला?" पोर रडायच्या बेतात होती.

मी खिशातून नट काढला आणि वहिनीच्या हातावर ठेवला.

"हा उजव्या बाराचा आहे," मी म्हटलं. "जॅक फुटला नव्हता. बार घसरला म्हणून जॅक पडला. मी बोल्ट आवळलेच नव्हते. नुसते टांगले होते आणि वर रेघा मारल्या होत्या, मीच, रागानं. तो नट मी त्याच दिवशी उचलून लपवला. जॅकवर आळ येऊ दिला."

 भिंगरी हनुवटीला हात लावून उभी होती आणि माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत होती. वहिनी नटाकडे बघत होती. अंगठ्यानं तिनं त्यावरची पिवळी खूण चोळली, जणू पुसली जाते का बघत होती.

"म्हणजे तो तपासणार होता," ती म्हणाली. "आणि मी त्याला..."

"नाही. तू चांगलं सांगितलंस. खोटी रेघ माझी."

"गप्प बस," वहिनी म्हणाली. कधी आवाज चढवत नाही ती. तेव्हाही चढवला नाही. "मला काय वाटायचं ते मी ठरवीन. तू दोन वर्षं पुष्कळ ठरवलंस."

तिनं नट मुठीत धरला.

"आवळ," ती म्हणाली.

मी जॅक चॅसीखाली लावला, दोन घोड्या चॅसीखाली लावल्या, गाडीला धक्का देऊन बघितला, पुन्हा बघितला. मग पाना घेतला आणि जमिनीवर बसले. पुढे सरकवेना.  तेवढ्यात भिंगरीनं माझ्या हातातला पाना घेतला, वाकली, आणि चॅसीवर तीनदा ठोकून पाना मला परत दिला. माझ्याकडे बघितलं नाही. मी आडवी झाले आणि खाली गेले.

सहाच्या सहा बोल्ट बोटांनी फिरत होते. जुन्या रेघा मी तारेच्या ब्रशनं घासून काढल्या. वहिनीकडून नट मागून घेतला, घातला, लांब दांड्याच्या पान्यानं एकेक आवळला, अंग दुखेपर्यंत. बाहेर आले तेव्हा तोंडावर गंज आणि माती आणि डोळ्यांचं पाणी यांचा लगदा झाला होता.

"रेघ दुसऱ्यानं मारायची," मी म्हटलं.

वहिनीनं पदर खोचला. त्या बाईनं जन्मात गाडीखाली डोकं घातलं नव्हतं. पाना घेऊन ती खाली शिरली. पहिल्या बोल्टावर तिनं एवढा जोर दिला की कण्हण्याचा आवाज बाहेर आला. मग दुसरा. तिसरा. प्रत्येकाला वेळ घेतला. शेवटच्या बोल्टाशी, ज्याचा नट माझ्या खिशात होता, ती इतका वेळ थांबली की भिंगरीनं "आई?" म्हणून हाक मारली.

ती बाहेर आली. बोटं पिवळी झाली होती. मी वाकून बघितलं. पाच रेघा होत्या, जरा वाकड्या. सहाव्यावर नव्हती.

"सैल आहे?" मी विचारलं.

"घट्ट आहे," वहिनी म्हणाली. "पण त्यावर रेघ मी मारणार नाही." तिनं बाटलीचं झाकण लावलं, पिशवी घेतली आणि गाडीत जाऊन बसली.

चार वाजता गाडी निघाली. जाताना भिंगरी एवढंच म्हणाली, "दर महिन्याला तपासायला आणीन." वहिनीनं काच खाली केली नाही. मी त्यांना थांबवलं नाही, माफीही मागितली नाही. तोंड कुठे होतं मागायला!

मी आता गाडीखाली जाते. पत्रेवाल्यानं एकदा विचारलं, धसका गेला का? त्याला सगळं सांगितलं, कारण त्या जॅकला शिवी त्यानं दिली होती. तो ऐकून आपल्या कामाला परत गेला. आवाज मात्र आता हळू करत नाही.

दुपारी कॉम्प्रेसर बंद करते, डबा उघडते. कोपऱ्यात काहीच वाजत नाही. पहिले दोन दिवस वाटलं, सुटले. तिसऱ्या दिवशी घास खाली ठेवून मी त्या जागेवर जाऊन बसले आणि पान्यानं जमिनीवर तीनदा ठोकलं. बराच वेळ कान देऊन बसले. मग जेवण तसंच ठेवून कामाला लागले.